झाडाचं वय

डॉक्टरनं "काय होतंय?" असं विचारलं, की मी आजही जराशी थांबते. मागून कोणीतरी माझं उत्तर मला सांगेल, याची वाट बघत. डॉक्टर बिचारा पुन्हा विचारतो, मग मी भानावर येते आणि मनातल्या मनात बाबाजींना चार शब्द सुनावते. त्यांनीच लावलेली खोड आहे ही. सुनावताना राग येण्याऐवजी हसूच फुटतं, आणि डॉक्टर मला भलत्याच आजाराची गोळी लिहून देतो.

मी मूळची गोंदिया शहरातली, मुर्रीच्या बाजूची. घरात मराठी, दारात हिंदी आणि भांडताना दोन्ही. नोकरी लागली ती कोहमाऱ्याच्या फाट्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर बसले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, आधी कुठे होता?" मी तोंड उघडायच्या आत खिडकीतून आवाज आला, "म्हणा, सर, ही माझी पहिलीच नेमणूक आहे."

दचकून वळले. खिडकीच्या गजांना नाक लावून एक म्हातारा उभा. धोतर, वर चौकड्याचा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. "म्हणा न जी," तो मला धीर देत म्हणाला, "अटकू नका." आणि मेरे बाप, मी म्हटलं की! अक्षरन् अक्षर. मुख्याध्यापकांनी मान डोलावली आणि पुढच्या कामाला लागले. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. गावालाच वाटायचं नाही, तर त्यांना काय वाटणार?

ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. नटमंडळी आज या गावी, उद्या त्या गावी. पाठांतराला वेळ कुणाला आहे? म्हणून पडद्याआड एक माणूस पुस्तक घेऊन बसतो आणि अख्खं नाटक हळू आवाजात सांगत जातो. समोरचा नट तेच मोठ्यानं, हातवारे करून म्हणतो. पडद्याआडचा तो माणूस म्हणजे प्रॉम्टर. खिडकीतल्या त्या म्हाताऱ्यानं, म्हणजे बाबाजींनी, उभी हयात तेवढंच केलं. राजे त्यांनी बोलवले, खलनायक बोलवले, विधवा सुना रडवल्या. त्यांचं तोंड मात्र एकाही प्रेक्षकानं कधी पाहिलं नाही.

मग वय झालं, मंडळीनं तरणा प्रॉम्टर घेतला आणि बाबाजी गावी परतले. पण तोंडाची सवय कुठे सुटते? समोर पुस्तक नव्हतं, म्हणून ते गावालाच सांगू लागले. नवरीला उखाणा आठवेना, की मांडवाच्या कनातीमागून आवाज. दोन भाऊ बांधावर भांडत असले, की बाबाजी मधे उभे, आळीपाळीनं दोघांनाही वाक्यं पुरवणार. बरं, आवाज हळू म्हणायचा तो बाबाजींच्या मतानं हळू. त्यांची कुजबुज बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पलीकडं धानाची रोवणी करणाऱ्या बायांनाही ऐकू जायची.

एका पंधरा ऑगस्टला आमचे मुख्याध्यापक भाषणाला उभे राहिले. "आज आपण सर्व इथे..." म्हणाले आणि गाडी अडकली. झेंड्याच्या खांबामागून लगेच आलं, "जमलो आहोत." सर म्हणाले, "जमलो आहोत." तिथं बाबाजींनी थांबायचं की नाही? नाही थांबले. अंगात मंडईचा हंगाम संचारला. "शत्रू वेशीपाशी येऊन ठेपला आहे!" सर म्हणाले, "शत्रू वेशीपाशी येऊन ठेपला आहे!" "सेनापती, उद्या पहाटे किल्ल्याला वेढा द्या!" सरांनी मूठ आवळून वेढा द्यायला सांगितलं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. इतकं जोरकस भाषण त्या शाळेत आधी झालं नव्हतं, आणि नंतरही झालं नाही.

नागझिऱ्याला वाघ बघायला मुलांची सहल नेली तेव्हाचं तर विचारूच नका. जिप्सीत गाइडच्या मागच्या सीटवर बाबाजी. जंगलात चिटपाखरू दिसेना. गाइड घसा खाकरतो न खाकरतो, तोच बाबाजी त्याच्या कानात, "म्हण, काल सकाळी इथंच बसला होता." गाइड वळून त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुमाले कसं माहीत, बाबाजी?" तो म्हणाला. "अरे बापू," बाबाजी म्हणाले, "तुह्या पार्टात दुसरं काही हायेच नाही." गाइडचं तोंड परतेपर्यंत फुगलेलं होतं.

बाबाजी गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्या दिवशी अंगणात अख्खं गाव जमलं आणि कोणी रडेचना. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. कारण गावात कुणाचंही मयत असो, बायकांच्या घोळक्यामागं बाबाजी असायचेच. "आता रडा व... म्हणा, असा कसा सोडून गेला जी..." शेवटी त्यांची बायको वैतागली. "काय पाहून राहिले? आज कोणी सांगणार नाही तुमाले," ती म्हणाली आणि पदरात तोंड खुपसलं. मग मात्र जो काही हलकल्लोळ उठला, त्यात मीही होते.

पण मला सांगायचं आहे ते शिबिराचं.

नाटकमंडळीतून परतल्यावर वर्षभरातच बाबाजींनी गावच्या सभागृहात पोरांसाठी नाटकाचं शिबिर काढलं. दर रविवारी, फुकट, वर मुरमुरे. शाळेतर्फे लक्ष ठेवायला मला बसवलं. मला वाटलं होतं, आवाज, हावभाव, असं काही शिकवतील. कसलं काय! पहिले दोन महिने पोरं एकमेकांना पाठ लावून बसायची. एकानं हळू सांगायचं, दुसऱ्यानं तेच मोठ्यानं म्हणायचं, आणि विचार म्हणून करायचा नाही. "डोकं मधात आणू नका बे," बाबाजी फिरत फिरत सांगायचे. "कानातून घ्या, तोंडातून सोडा."

घरचा अभ्यास म्हणजे विसरून येणं. खरंच! रविवारी एक वाक्य द्यायचे आणि पुढच्या रविवारी विचारायचे. ज्याला आठवलं, तो कान धरून भिंतीपाशी उभा. सहावीतली आचल कायम भिंतीपाशी. पोरीचं डोकं असं की एकदा ऐकलं की संपलं. "ही पोट्टी वाया जाणार," बाबाजी मला गंभीरपणे म्हणाले. "इले सारंच ध्यानात राह्यते."

माझी एकदा सटकलीच. म्हटलं, "बाबाजी, काय चालवलंय हे? पाठ करू द्या की पोरांना. जगात सगळीकडे पाठ करतात."

"मॅडम," ते म्हणाले, "ज्याले पाठ असते तो सामनेवाल्याचं आयकत नाही. म्या असे नट पाह्यले, सामनेवाला चक्कर येऊन पडला, तरी हे आपलं वाक्य बोलूनच राह्यले."

मी मुरमुरे खाल्ले.

त्या सालच्या मंडईत शिबिराचं पहिलं नाटक लागलं. पडद्याआड बाबाजी, समोर सातवीतला एक गुटगुटीत राजा. सगळं छान चाललं होतं. इतक्यात बाबाजींना डास चावला. "अरे बापा, मच्छर!" पडद्याआडून आलं. राजानं भुवया चढवून प्रधानाला सुनावलं, "अरे बापा, मच्छर!" बाबाजी म्हणाले, "चूप बे!" राजा गरजला, "चूप बे!" "हे म्हणायचं नाही!" "हे म्हणायचं नाही!" आता बाबाजींचा पारा चढला. "थांब, तुह्या बापालेच सांगतो!" राजानं प्रेक्षकांकडे बोट करून तेही म्हटलं, आणि नेमका त्याचा बाप पहिल्या रांगेत. त्या बिचाऱ्यानं हात जोडून उभं राहून म्हटलं, "माफी असावी, महाराज." अख्ख्या मंडईनं वन्समोअर मागितला. पोरांची मात्र काही चूक नव्हती. कानातून घेतलं, तोंडातून सोडलं.

पुढच्या वर्षी धान भरपूर पिकलं आणि तिथून आमच्या मागे साडेसाती लागली. खरेदी केंद्रावर आलेलं धान ठेवायला जागा नव्हती, आणि गावात पक्कं छप्पर एकच, सभागृहाचं. सरपंचबाई माणूस म्हणून भल्या, पण बोलायला फटकळ. त्या एका रविवारी पोरांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "गोंदियाले बालनाट्याची स्पर्धा होऊन राहिली म्हंतेत. नंबर आणा, हॉल तुमचा. मी कोणाच्या बापाले आयकत नाही मंग. नाही आणला, तं पोते लावतो. धान पावसात भिजवू काय?"

तेही खोटं नव्हतं. पण हॉल गेला की शिबिर गेलं, एवढं त्या दिवशी बालवाडीतल्या पोरालाही कळलं. सभागृह सोडून कुठे जाणार? शाळेत दोन खोल्या, त्यातली एक गळकी. शिबिर गेलं की बाबाजी पुन्हा पारावर बसून लोकांच्या मयताची वाट बघणार.

मी स्पर्धेचे नियम मागवले. दोन ठळक होते. रंगमंचावर दिसणारं प्रत्येक पात्र चौदा वर्षांखालचं हवं, आणि प्रॉम्टर चालणार नाही.

दुसरा नियम मी बाबाजींना सांगितला तेव्हा त्यांनी कागद माझ्या हातून घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "बिना प्रॉम्टरचं नाटक? मंग त्याले नाटक कायले म्हंतेत? शाळेतली कविता म्हणा."

"नियम आहे, बाबाजी."

"मंग मी येत नाही. तुमी जा. पोट्टे तिथं खांबावानी उभे राह्यतील, मले काही सांगू नका." आणि दुपट्टा झटकून चालते झाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आचल सगळ्यांना घेऊन माझ्यासमोर उभी. "मॅडम, आमाले पाठ करायचं हाये. पण बाबाजीले सांगू नका. त्यायले वाईट वाटन." मग काय, शाळेमागच्या बोडीच्या पाळीवर आमचा चोरटा कारभार सुरू झाला. नाटक बाबाजींनीच रचलेलं होतं, 'तलाव कोणी नेला?' गावचा तलाव एका सकाळी जागेवर नसतो, आणि राणी आरोपी शोधते. बेडूक, म्हैस, सूर्य, सगळ्यांना दरबारात उभं करते. राणी आचल. पंधरा दिवसांत पोरांना स्वतःचंच काय, एकमेकांचंही पाठ झालं. म्हशीला तर सूर्याची वाक्यं जास्त चांगली यायची. रविवारी मात्र बाबाजींसमोर सगळे तोंड वेंगाडून, काहीच येत नसल्यासारखे. असले बिलंदर पोट्टे!

स्पर्धेच्या दिवशी काळीपिवळी जीप भरून गोंदियाला गेलो. बाबाजी खरंच आले नाहीत. मला वाईटही वाटलं आणि, खरं सांगते, हायसंही वाटलं. माइकवरचा माणूस म्हणाला, "अब अगला नाटक," पडदा वर गेला, आणि मी विंगेत उभ्या उभ्या बघते तो काय, रंगमंचाच्या मधोमध एक झाड.

आमच्या नाटकात झाड नव्हतं. मला वाटलं, आयोजकांनी आधीच्या नाटकाचं तसंच ठेवलं. पळसाची पानं, मोहाच्या डहाळ्या, खाली पोत्याचं खोड. आचल राणीच्या पोशाखात पुढं आली. पहिलं वाक्य बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि झाड कुजबुजलं, "कोण आहे रे तिकडे? माझ्या गावचा तलाव कुठे गेला?"

कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली. आचलचं तोंड उघडं ते उघडंच. तिनं झाडाकडे पाहिलं. झाडाच्या पानांत दोन डोळे होते आणि ते तिच्याकडे टक लावून बघत होते, 'म्हण न व, अटकू नको' असे. विंगेतून मी हातवारे करत होते, बोल बाई, तुला येतंय, बोल! पोरीनं तोंड मिटलं. झाडाला तेच वाक्य पुन्हा सांगू दिलं. मान किंचित तिरपी केली, शिबिरात करायची तशी, आणि मग म्हणाली, "कोण आहे रे तिकडे? माझ्या गावचा तलाव कुठे गेला?"

झालं! राणी थांबली म्हणून बेडूक थांबला, बेडूक थांबला म्हणून सूर्य थांबला. प्रत्येक वाक्य आधी झाड बोलायचं, मग पोर. "म्हशी, हंबर!" झाड म्हणालं. म्हैस हंबरली. पानं नाकात जाऊन झाड शिंकलं. अख्खा दरबार शिंकला. नाटक वेळेच्या दुप्पट चाललं. लोक हसून हसून खुर्चीवरून घसरले, आणि पडदा पडल्यावर उभे राहिले.

आता परीक्षक. तिघे होते. एकाच्या गळ्यात उन्हातही मफलर. तो भारावून म्हणाला, "झाड म्हणजे या मातीचं अंतर्मन. काय प्रयोग आहे!" मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात दुसऱ्यानं नियमांचा कागद उघडला आणि आम्हाला टेबलापाशी बोलावलं. बाबाजी पानांसकट आले.

"हे प्रॉम्टिंग होतं," तो म्हणाला.

"नाही हो सर," मी म्हटलं, "झाड आहे ते. नेपथ्य."

"नेपथ्य बोलत नाही, मॅडम."

"मग पात्र समजा!"

"समजतो." त्यानं पेन उघडलं. "पात्र चौदाच्या आतलं लागतं. झाडाचं वय काय?"

मी म्हटलं, "झाडाचं वय कोण विचारतं हो? उद्या म्हशीचे दात मोजाल!" मफलरवाला म्हणाला, "अंतर्मनाला वय नसतं." तिसऱ्या बाई म्हणाल्या, "पण शिंकलं ना ते." पंधरा मिनिटं आम्ही चार सुशिक्षित माणसं झाडाच्या वयावर तावातावानं भांडत होतो. बाबाजींना मी डोळ्यांनी सांगत होते, गप्प बसा, बाबाजी, आज गप्प बसा. पण खोटं त्यांना कधी जमलंच नाही. ते पानांतून म्हणाले, "चौसष्ट लागलं जी."

परीक्षकानं पेन खाली ठेवलं. त्यालाही बरं वाटत नव्हतं. समोर शिंगं लावलेली म्हैस रडायच्या बेतात उभी. तो म्हणाला, "मुलांनो, तुमचं नाटक... म्हणजे आम्हाला..." आणि अडकला. बाबाजींच्यानं ते बघवेना. ते पुढं वाकून हळूच म्हणाले, "म्हणा, नाइलाजानं स्पर्धेतून बाद करावं लागत आहे."

"नाइलाजानं स्पर्धेतून बाद करावं लागत आहे," परीक्षक म्हणाला.

परत येताना काळीपिवळीत सगळ्यांची तोंडं उतरलेली. बाबाजी एकटेच खुशीत. पहाटेच्या एसटीनं कसे आले, कंडक्टरनं डहाळ्यांचं वेगळं तिकीट कसं फाडलं, सगळं सांगत होते. मग माझ्याकडे वळले. "पाह्यलं न, मॅडम? मी नसतो तं एक शब्द निंघला नसता पोट्ट्यायच्या तोंडून. बादच व्हायचं होतं तं होऊ द्या. पण नाटक तं झालं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉल गेला, शिबिर गेलं, आणि हा माणूस हसतोय! "बाबाजी," मी म्हटलं, "जरा ऐका, या पोरांना सगळं..."

आचलनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला, की डोळ्यांत पाणी आलं. "हो जी, बाबाजी," ती म्हणाली. "तिथं गेल्यावर आमाले काहीच आठवत नोहतं."

"काहीच नाही," म्हैस म्हणाली.

"निरं कोरं डोकं," सूर्य म्हणाला.

बाबाजींनी सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. घाटबोरीच्या पुढं त्यांना बसल्या बसल्या झोप लागली.

चार दिवसांनी सभागृहात धानाची पोती लागली. सरपंचबाईंनी शब्द पाळला. शाळा सुटली होती आणि मी नि आचल रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हमाल आत-बाहेर करताना बघत होतो. माझा राग अजून जिरला नव्हता. मी म्हटलं, "काय ग, तुला तर सगळं तोंडपाठ होतं. धडाधड बोलली असतीस, झाडाकडे कोणाचं लक्षही गेलं नसतं. नंबर आला असता. थांबलीस कशाला?"

तिनं चप्पल मातीत घासली.

"मॅडम," ती म्हणाली, "बाबाजी पहिल्यांदा पडद्याच्या सामने आले होते न. मी बोलली असती, तं ते निरं झाडच राह्यले असते."